पैसा थोडा, वेळ मोठा

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांकडे लंडनहून आणलेला कॅमेरा होता, तंत्राची माहिती होती, पण चित्रपट काढण्याइतके पैसे नव्हते. हलत्या चित्रांच्या धंद्यात पैसे घालायला कोणी धजेना. तेव्हा त्यांनी मटाराचा दाणा पेरला, त्याची वाढ दिवसागणिक थोडी थोडी टिपत राहिले, आणि रोप डोळ्यांदेखत उगवून वर चढतं आहे अशी एक छोटीशी फिल्म तयार केली. ती पाहून पैसे देणारे तयार झाले. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या चीजवस्तू गहाण पडल्या. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत आणि युनिटचा स्वयंपाकही सांभाळत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला.

तुटपुंज्या पैशांत सिनेमा करणं आपल्याकडे सिनेमाइतकंच जुनं आहे. आज फोनवर चित्रीकरण होतं, लॅपटॉपवर संकलन होतं आणि तालुक्यातालुक्यात लघुपट करणारी मुलं भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कॅमेरा कोणता घेऊ? जगभरातले कमी खर्चाचे चांगले सिनेमे एकापाठोपाठ एक पाहत गेलं, तर या प्रश्नाचं महत्त्व उतरत जातं. या मंडळींनी पैशाची उणीव प्रामुख्याने वेळाने भरून काढलेली दिसते. लिहायला वेळ दिला, माणसं शोधायला दिला, तालमीला दिला, ऋतूची वाट पाहायला दिला. जिथे वेळही कमी होता, तिथे कागदावर आधी इतका विचार केला की चित्रीकरणाच्या दिवशी ठरवण्यासारखं फार उरलं नाही. एवढी एक गोष्ट हाती धरून या सिनेमांकडे पाहिलं, की कसबाच्या बाकीच्या बाबी आपोआप उलगडतात.

सुरुवात लेखनापासून. मेक्सिकोच्या सीमेवरच्या सिउदाद अकुन्या या गावात रॉबर्ट रॉड्रिग्जने 'एल मारियाची' (१९९२) सुमारे ७,००० डॉलरमध्ये चित्रित केला. त्यातले बरेचसे पैसे त्याने औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवले होते. कथा लिहिण्याआधी त्याने हाताशी काय आहे याचा हिशेब मांडला: ओळखीतली बस, बार, कुत्रा, गिटारची केस, एक कासवसुद्धा. मग या वस्तू जिच्यात बसतील अशी गोष्ट रचली. न्यू जर्सीत केविन स्मिथ ज्या किराणा दुकानात नोकरी करायचा, तिथेच त्याने रात्री दुकान बंद झाल्यावर 'क्लर्क्स' (१९९४) चित्रित केला. रात्रीचं चित्रीकरण दिवसाचं म्हणून दाखवायचं, तर दुकानाच्या काचेबाहेरचा काळोख कसा लपवायचा? त्याने कथेतच घालून टाकलं की कोणीतरी कुलपात च्युइंगगम भरलं आहे आणि शटर उघडतच नाही. अडचण पटकथेत इतकी मुरली की ती अडचण होती हेही प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते लेखनाची ही सगळ्यात मोठी शिकवण आहे. आपल्याकडची मुलं मात्र आधी पाठलाग, पाऊस आणि लग्नाची वरात लिहितात आणि मग पैशाअभावी त्यांतलं एकेक कमी करत जातात. पडद्यावर उरतो तो छाटलेल्या सिनेमाचा बुंधा.

जवळची जागा म्हणजे नुसती फुकटची जागा नव्हे. जयंत सोमलकर यांनी 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. मुलीला बघायला येणं, पाटावर बसवणं, तेच ते प्रश्न, तेच पोहे, असं सारं पुन्हापुन्हा घडतं. दर वेळी घर तेच, माणसं बदललेली. या पुनरावृत्तीला पैसे लागत नाहीत, पण तिच्यातून त्या मुलीची घुसमट साचत जाते. हा सिनेमा २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. बाहेरच्या दिग्दर्शकाला हे घर मिळालं असतं, पण कुठला काका कुठे बसतो आणि कोण बोलताना कोण गप्प राहतो, हे मिळालं नसतं. समाजशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या सुमित्रा भावे यांनी १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. ज्या बायकांविषयी अभ्यास चालला आहे त्यांच्यापर्यंत तो पोचावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी 'दोघी'पासून 'कासव'पर्यंत सिनेमे केले आणि 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. सिनेमा कोणासाठी, हे पक्कं असलं की खर्च कुठे करायचा हेही लवकर ठरतं.

आता माणसांविषयी. अनुभवी नट परवडत नाहीत म्हणून गावातली माणसं घ्यायची, असा एक सोपा समज आहे. 'फँड्री' (२०१३) पाहिला की तो गळून पडतो. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे नट नव्हता, पण त्याच्या शेजारी कचरूच्या भूमिकेत किशोर कदम यांच्यासारखा मुरलेला नट आहे. नागराज मंजुळे यांनी दोघांना एका पातळीवर आणलं, कारण त्यांना त्या घराची बोली, चाल आणि लाज आतून ठाऊक होती. त्याआधी त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता, आणि त्यातही शाळेबाहेर राहिलेलं पोरच होतं. फाळक्यांची मटाराची फिल्म आणि 'पिस्तुल्या' यांचं काम एकच: मोठा सिनेमा मागण्याआधी आपली नजर छोट्या कामात सिद्ध करणं.

'कोर्ट' (२०१४) हा तर याहून निराळा धडा आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक होते. सिनेमातली बरीच माणसं पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेली. चैतन्य ताम्हाणे यांनी त्यांच्या शोधासाठी दीर्घ काळ दिला आणि चित्रीकरणात एकेका दृश्याचे डझनांनी टेक घेतले. कॅमेरा बहुतेक ठिकाणी लांब आणि स्थिर आहे. या मांडणीमागे मला एक व्यवहारी शहाणपणही दिसतं. नवख्या माणसाला जमिनीवरच्या खुणेवर नेमकं थांब, दिव्याकडे तोंड कर, असं सांगितलं की तो आखडतो. रुंद चौकटीत त्याला मोकळं सोडलं की तो वावरतो. म्हणून नवखी माणसं घेणं स्वस्त पडत नाही. त्यांच्या मानधनात वाचलेले पैसे दिवसांच्या रूपाने चुकवावेच लागतात. ताम्हाणे यांच्याकडे ते दिवस होते, कारण विवेक गोंबर या मित्राने, जो त्याच सिनेमात बचाव पक्षाचा वकील झाला आहे, लेखनाच्या काळात त्यांना दरमहा ठरावीक रक्कम दिली. त्या सिनेमाच्या खर्चातला सर्वांत मोलाचा भाग मी यालाच म्हणेन. व्हेनिसमध्ये 'कोर्ट'ला दोन मोठे पुरस्कार मिळाले आणि पुढे सुवर्णकमळही.

टेकचा मुद्दा निघालाच आहे तर फिल्मच्या काळातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. सोळा मिलिमीटरचा ४०० फुटांचा रोल जेमतेम ११ मिनिटं चालतो. प्रत्येक रिटेक म्हणजे खिशातून जाणारे पैसे. म्हणून क्रिस्टोफर नोलनने 'फॉलोइंग' (१९९८) लंडनमध्ये कृष्णधवल फिल्मवर केला तेव्हा सगळे नट-तंत्रज्ञ आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करत आणि शनिवारी चित्रीकरणाला जमत. हे वर्षभर चाललं. नाटकासारख्या तालमी आधी करून ठेवल्या होत्या, त्यामुळे एक-दोन टेकमध्ये काम भागायचं. शेन कॅरुथने 'प्रायमर' (२००४) सुमारे ७,००० डॉलरमध्ये केला. तिथेही चौकटी आधीच आखून ठेवलेल्या होत्या, म्हणून फिल्म फारशी वाया गेली नाही. आज मेमरी कार्डाला पैसे पडत नाहीत आणि नेमकी तिथेच शिस्त सुटते. दिसेल ते टिपत जायचं, ठरवायचं नंतर. कार्ड फुकट असलं तरी उन्हात उभ्या असलेल्या माणसांचा दिवस फुकट नसतो. रॉड्रिग्ज एका टेकमध्ये भागवतो, ताम्हाणे तीस-चाळीस घेतात. दोघंही बरोबर आहेत, कारण आपला वेळ नेमका कुठे खर्चायचा हे दोघांनी आधी ठरवलं आहे.

वेळाची श्रीमंती पाहायची तर आसाममधल्या छायगावला जावं. रीमा दास यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स' (२०१७) स्वतः लिहिला, चित्रित केला, संकलित केला. कॅमेरा साधा डीएसएलआर. नात्यातली आणि गावातली मुलं. चित्रीकरण काही वर्षं चाललं. पूर आला तेव्हा पूर टिपला, पीक आलं तेव्हा पीक. मुलं पडद्यावर खरोखर वाढताना दिसतात. एवढ्या पुराचं दृश्य उभं करायला मोठ्या निर्मात्याला कोट्यवधी लागले असते. या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं आणि भारताकडून तो ऑस्करसाठीही गेला. हीच चिकाटी सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'त दाखवली होती. काशफुलांच्या शेतातलं दृश्य अर्धं झालं, पुढच्या खेपेला गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकली होती. वर्षभर थांबून पुढच्या मोसमात ते पुरं केलं.

कॅमेरा आणि प्रकाशाबद्दल फार लिहीत नाही, कारण या विषयावर बोलणारे भरपूर आहेत. शॉन बेकरचा 'टँजरीन' (२०१५) आयफोनवर चित्रित झाला आहे, एवढ्यावरच तो वाद मिटायला हवा. प्रकाश मात्र अक्कल मागतो. सुब्रत मित्र यांनी 'पथेर पांचाली'आधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पुढच्याच 'अपराजितो'साठी स्टुडिओत बनारसच्या घराचा सेट उभारला, तेव्हा त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून परतणाऱ्या मऊ उजेडात चौकातला दिवस उभा केला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त कोकणातलं पावसाळी आभाळ हेच काम विनामूल्य करतं. पण त्यासाठी पावसाळ्यात कोकणात जाऊन राहावं लागतं. एक छोटी सूचना, जी पुष्कळ लघुपटांना वाचवू शकेल: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली शटर एक पन्नासांशावर ठेवला नाही तर चित्र लुकलुकण्याचा धोका असतो, आणि तो दोष संकलनात नीट निघत नाही.

खरा जीव आवाजात आहे, आणि आपले बहुतेक छोटे सिनेमे इथेच पडतात. चित्र थोडं खरखरीत असलं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही की तो मनाने उठून जातो. तरी खर्चाच्या यादीत लेन्सचं भाडं सगळ्यात वर असतं आणि ध्वनिमुद्रकाचं नाव सगळ्यात खाली. शेवटी खोलीच्या घुमणाऱ्या आवाजावर पार्श्वसंगीताचा थर चढवला जातो, आणि ज्या शांततेसाठी दृश्य लिहिलं होतं तीच बुडते. याउलट भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' ऐका. मेंढरं, उघडं माळरान, वारा, माणसांची तुटक बोली, सगळं जागेवर ध्वनिमुद्रित केलेलं. त्याला ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'व्हिलेज रॉकस्टार्स'लाही जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'मध्ये पार्श्वसंगीत नाहीच. बापाच्या दहाव्यापर्यंत गावी अडकलेला मुंबईचा मुलगा, त्याच्या लग्नाची बोलणी करणारे नातेवाईक आणि बालपणीचा मित्र. पाखरं, पावलं, बायकांची कुजबुज एवढ्यावर ते घर उभं राहतं. कथापटांच्या जागतिक स्पर्धेत सनडान्सचा सर्वोच्च पुरस्कार या मराठी सिनेमाने २०२५ मध्ये मिळवला, आणि तो पाहताना कानांनी केलेलं काम डोळ्यांच्या बरोबरीचं आहे हे कळतं.

जागेवर ध्वनिमुद्रण शक्य नसेल तर काय, याचंही उत्तर 'एल मारियाची'त आहे. त्याचा कॅमेरा इतका घरघर करायचा की बरोबर आवाज घेणं अशक्य. रॉड्रिग्ज आधी चित्र घ्यायचा, मग कॅमेरा बंद करून त्याच नटांकडून लगेच तेच संवाद टेपरेकॉर्डरवर बोलून घ्यायचा. ओठ आणि आवाज काही वाक्यांपुरते जुळायचे, मग घसरायचे. घसरले की तो दुसऱ्या चेहऱ्यावर किंवा कुत्र्यावर कट करायचा. सिनेमाला जी चपळ लय आली, तिचं एक मूळ या नाइलाजात आहे. ज्यांना हे करायचं त्यांनी तीन गोष्टी पाळल्या तरी पुरे: पंखा आणि फ्रिज बंद करा, माइक माणसाजवळ न्या, आणि प्रत्येक जागा सोडताना सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची अर्ध्या मिनिटाची शांतता मुद्रित करून घ्या. संकलनात ते अर्धं मिनिट सोन्याच्या मोलाचं ठरतं.

संकलनाबद्दल एक तक्रार आहे आणि ती प्रेमापोटी आहे. 'कोर्ट'मध्ये सुटी लागते, न्यायालय रिकामं होतं, दिवे एकेक करून विझतात आणि कॅमेरा अंधारापर्यंत थांबून राहतो. त्या थांबण्याला अर्थ आहे: यंत्रणा झोपायला गेली, खटला तसाच राहिला. त्यानंतर आपल्याकडच्या अनेक छोट्या सिनेमांत रिकाम्या दारावर, झाडावर, पाठमोऱ्या माणसावर कॅमेरा थांबू लागला. महोत्सवात असं चालतं, या समजुतीने केलेलं ते अनुकरण आहे. स्वतः पैसे घातलेले, स्वतः चित्रित केलेलं, मग कापवत नाही. रीमा दास यांच्यासारखी स्वतःच्या कामाकडे परक्या डोळ्यांनी पाहण्याची ताकद फार थोड्यांकडे असते. बाकीच्यांनी संकलकाला पैसे द्यावेत आणि त्याचं ऐकावं.

हे सिनेमे पाहण्याचीही एक रीत आहे. मालेगावचे नासिर शेख ती कुठल्या संस्थेत शिकले नाहीत. व्हिडिओ पार्लर चालवताना सिनेमे पाहून पाहून त्यांनी कॅमेऱ्याची हालचाल ओळखली आणि यंत्रमागाच्या त्या गावात 'मालेगाव के शोले' उभा केला. सायकलवर बसून ट्रॉली शॉट, बैलगाडीच्या जोरावर क्रेन. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात हे सगळं दिसतं. शिकायचं असेल तर एकच चांगला सिनेमा एकदा गोष्टीसाठी पाहा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. तिसऱ्या खेपेला जे ऐकू येतं ते पुस्तकात सापडत नाही.

राहिला पैसा. कमी खर्चाच्या सिनेमाचा आकडा हा बहुतेकदा जाहिरातीचा भाग असतो. 'एल मारियाची'चे ७,००० डॉलर हे चित्रीकरणापुरते होते. चित्रगृहात लावण्याजोगी प्रत आणि आवाज तयार करायला कोलंबिया कंपनीने त्याच्या कितीतरी पट खर्च केला. शिवाय त्या आकड्यात न दिलेलं मानधन धरलेलं नसतं. कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी शेतजमीन विकली. फाळक्यांपासून आपण अशा गोष्टी कौतुकाने सांगत आलो आहोत. त्या त्यागाबद्दल आदर आहे, पण त्याची प्रथा पडू नये असं मला कळकळीने वाटतं. ज्याच्याकडे विकायला जमीन नाही, त्याने सिनेमा करूच नये का? दुसरे मार्ग आपल्या देशातच सापडतात. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' (१९७६) साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले. केरळमध्ये दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या 'ओडेसा' या गटाने गावोगाव लोकांकडून वर्गणी गोळा करून 'अम्मा अरियान' (१९८६) केला. 'गाभ्रीचा पाऊस'ला रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने हात दिला. मित्रांनी फुकट काम केलं हे अभिमानाने सांगणाऱ्या नव्या दिग्दर्शकांना एवढंच म्हणावंसं वाटतं, की दिवस कमी करा, पात्रं कमी करा, पण स्पॉटबॉयपासून ध्वनिमुद्रकापर्यंत प्रत्येकाला थोडं तरी द्या. फुकट काम करणारा मित्र दुसऱ्या सिनेमाला येत नाही.

आणि सिनेमा पुरा झाला म्हणजे संपलं नाही. 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीकडे तो मान आला होता. ऑस्करच्या प्रचारासाठी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनीही पैसे गोळा केले, कारण सिनेमा लोकांनी पाहिला होता, आपला मानला होता. 'स्थळ' टोरांटोला २०२३ मध्ये दाखवला गेला आणि आपल्याकडच्या चित्रगृहांत मार्च २०२५ मध्ये आला. अशा सिनेमाला मिळतात ते आडवेळचे मोजके खेळ, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर तेही जातात. म्हणून निर्मितीच्या पहिल्याच हिशेबात वितरणाची रक्कम बाजूला काढून ठेवायला हवी. चित्रपट मंडळांनी, महाविद्यालयांनी, तालुक्याच्या वाचनालयांनी असे सिनेमे तिकीट लावून दाखवायला हवेत. आणि वाचकहो, तुमच्या गावात असा एखादा मराठी सिनेमा लागला तर मोबाइलवर येण्याची वाट पाहू नका. पहिल्या शनिवार-रविवारी तिकीट काढून जा, बरोबर आणखी दोघांना घेऊन जा.